पिवळा कोट

“बहात्तर लिही,” आजोबा ओठ न हलवता पुटपुटले.

परीक्षेला आलेल्या शिकाऊ मुलीने लिहिलं नाही. त्यांच्या मनगटावर तीन बोटं टेकवून ती घड्याळाकडे बघत होती. पलंगाच्या पायथ्याशी परीक्षक बाई उभ्या होत्या. अंगात पांढरा कोट, हातात गुणांचा कागद आणि चेहरा असा, की आजारी माणसानेही उठून उभं राहावं.

नर्सिंगच्या या प्रात्यक्षिकात ती दोनदा आपटली होती. पहिल्यांदा गोळी देण्याआधी पेशंटला नाव विचारायचं राहिलं. दुसऱ्यांदा नाव आठवणीने विचारलं आणि ट्रे पाडला. ही शेवटची संधी. आता गेली, तर कॉलेजातून नाव कमी. काम तसं दोन मिनिटांचं. हृदयाची एक गोळी द्यायची आणि त्याआधी नाडी मोजायची. नाडी साठच्या खाली असली, तर ही गोळी द्यायची नाही, एवढंच काय ते पथ्य.

आजोबा मूळचे घड्याळजी. वॉर्डात त्यांचा महिनाभर मुक्काम होता आणि शिकाऊ मुलींना पास करायचा त्यांनी जणू विडाच उचलला होता. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, सगळं त्यांना तोंडपाठ. एखादी अडखळली की ते खोकायचे आणि खोकता खोकता पुढचा शब्द सांगून टाकायचे. कधीतरी कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, नाडी बहात्तर, एकदम छान. तेव्हापासून जी येईल तिला ते आपणहून आकडा द्यायचे. मुलींनाही घाईच असायची. पलंगाला अडकवलेल्या चार्टवर गेल्या आठवड्याचे सात आकडे सात हस्ताक्षरांत होते आणि सातही बहात्तर होते.

“झालं का मोजून?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“एकदा परत मोजते, मॅडम.”

पुन्हा एक पूर्ण मिनिट. तेवढ्यात आजोबांनी दोनदा खोकून घेतलं.

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली.

“चार्टवर बहात्तर आहे.”

“हो, मॅडम.”

“म्हणजे सात जणी चुकल्या आणि तुम्ही तेवढ्या बरोबर?”

दोनदा नापास झालेल्या मुलीने यावर काय बोलायचं?

आजोबांना राहवलं नाही. “घाबरलीय हो ती. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी, माझे ठोके मला कळत नाहीत? बहात्तर! आण गं ती गोळी.”

तिने गोळी दिली नाही. शेजारच्या स्टुलावर नाश्त्याची बशी होती तशीच झाकलेली दिसली. “आजोबा, खाल्लं नाहीत?”

“अन्नावरची वासनाच उडालीय. दोन दिवस नुसतं मळमळतंय. आणि त्यात तुमचा तो चादरी धुणारा! परवाच फैलावर घेतला त्याला. सगळ्या चादरी पिवळ्या. भिंती पिवळ्या. आणि बाई, रागावू नका, पण परीक्षा घ्यायला येताना माणसाने कोट तरी धुऊन यावं. केवढा पिवळा पडलाय!”

परीक्षक बाईंनी चमकून कोटाकडे पाहिलं. तो त्यांनी सकाळीच कडक इस्त्री करून घातला होता. आजवर कुठल्याही पेशंटने त्यांच्या कपड्यांना नावं ठेवली नव्हती. त्यांचे कान लाल झाले.

मुलीच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. भूक जाणं, मळमळ, मंद नाडी, डोळ्यांना सगळं पिवळं दिसणं. हृदयाची ही गोळी अंगात साठून राहिली की काय काय होतं, ते पान तिने तीन परीक्षांसाठी तीनदा पाठ केलं होतं. ते पान आता समोर उशीला टेकून बसलं होतं आणि गोळी मागत होतं.

“मॅडम, मी ही गोळी देणार नाही. डॉक्टरांना बोलवायला हवं.”

“कागदावर ‘गोळी दिली’ याला दहा गुण आहेत. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“देणार नाही म्हणजे?” आजोबा ताडकन उठून बसले. “वेडी का काय तू? नापास होशील! आण इकडे, मी घेतो. हवं तर दोन घेतो!”

त्यांनी ट्रेकडे झेप घेतली. तिने ट्रे डोक्याच्या वर धरला. या वेळी तो पडला नाही.

परीक्षक बाईंनी कागद पलंगावर ठेवला, आजोबांचा हात हातात घेतला आणि स्वतः मिनिटभर नाडी मोजली. मग “अठ्ठेचाळीसच,” असं म्हणून वॉर्डच्या सिस्टरना हाक मारून डॉक्टरांना ताबडतोब बोलवायला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. आणखी एक गोळी पोटात गेली असती तर, या विचाराने त्या मनातून हादरल्या होत्या.

त्यांनी कागद उचलला. गोळी न दिल्याचे गुण लिहायला त्यावर रकानाच नव्हता. पेन हवेतच थांबलं.

ते थांबलेलं पेन पाहून आजोबांचा धीर सुटला. चूक आपली, आणि मार्क जाणार पोरीचे!

“बाई,” ते काकुळतीला आले, “कोट पांढरा आहे हो तुमचा. पांढराशुभ्र! आता नीट दिसला मला. हिला तेवढी पास करा.”

मुलीचे डोळे भरून आले. तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“नको, आजोबा,” ती म्हणाली, “डॉक्टर आले की पिवळाच म्हणा.”