दक्षिणेचं वावर

"वाच. तिच्या बोलीत," नायब तहसीलदार म्हणाले.

मुखरूने कागद हातात घेतला. त्याच्या सदऱ्यावरच्या पितळी बिल्ल्याला अजून साधा ओरखडा नव्हता. त्या सालापासून जमिनीच्या दलालाला परवाना लागू लागला होता. परवान्याची अट होती. विकणाऱ्याला सगळा कागद त्याच्याच भाषेत समजावून सांगायचा, तोही अधिकाऱ्यासमोर. मगच अंगठा. परवाना मिळेपर्यंत मुखरू पाच महिने रिकामा बसला होता. शेवटी नानाजीने त्याच्यासाठी शब्द टाकला. बिल्ला लावल्यावरचा हा पहिलाच सौदा, आणि वावर घेणारा नानाजीच होता.

समोर सुकरी उकिडवी बसली होती. तिचं लक्ष कागदाकडे नव्हतं. कचेरीच्या अंगणात नानाजीची बैलगाडी जुंपलेली उभी होती आणि तीत तिचा मुलगा इसरू पडला होता. जंगलतोडीवर सागाचा ओंडका त्याच्या पायावर आला, त्याला आठ दिवस झाले होते. पाय काळा पडत वर चढत होता. गावच्या वैदूने हात टेकले होते. नानाजीने तिला सांगितलं होतं, "अंगठा दे. पैसा घे. गाडी इथूनच चांद्याच्या दवाखान्यात जाईल."

मुखरू गोंडीत वाचू लागला. नायबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. खांबाला टेकून उभ्या नानाजीला बाजारापुरती गोंडी येत होती.

"पूर्वेले नाला. पश्चिमेले गाडीरस्ता. उत्तरेले जंगूचं वावर."

तो थांबला. सुकरीने तीन बोटं मिटली होती.

"अन् दक्षिणेले?"

कागदावर लिहिलं होतं, दक्षिणेस नानाजी यांच्या मालकीची जमीन.

"दक्षिणेले तुहंच," मुखरू म्हणाला. खांबाजवळ नानाजीची मान होकारात किंचित हलली.

"हाव, माहंच," सुकरी म्हणाली. तिने चौथं बोट मिटलं. "सात सालांच्या बोलीनं नानाजीले देल्लं हाय. यंदा दिवाळीले वापस येते. म्हणून त हे विकून राह्यली भाऊ. नाई त इसरूले जगवून त्याले खाऊ काय घालू?"

"काय म्हणते ती?" नायबांनी विचारलं.

सात वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा त्या दक्षिणेच्या वावराच्या कागदावर तिचा अंगठा मुखरूनेच धरून टेकवला होता. ठेक्याचा कागद आहे, असं तिला सांगितलं होतं. कागद खरेदीचा होता. तिने विचारू नये म्हणून नानाजी दर साली पोतंभर धान पाठवायचा. बाईपाशी आणखी एक वावर आहे, ती काही उपाशी मरत नाही, असं मुखरू स्वतःला सांगत आला होता. ते दुसरं वावर आता त्याच्या हातातल्या कागदावर होतं.

"मुखरू," नानाजी हळूच म्हणाला, "बराबर हाय म्हणते, असं सांग न साहेबाले."

"साहेब," मुखरू म्हणाला, "दक्षिणेचं वावर माहं हाय म्हणते. अन् तिची काई चूक नाई. ठेका हाय म्हणून मीच तिले सांगतलं होतं, अन् अंगठा खरेदीवर घेतला."

कारकुनाची लेखणी थांबली. नायबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुखरूने तेच उत्तर पुन्हा दिलं. नायबांनी कागद ओढून घेतला आणि बिल्ल्यासाठी हात पुढे केला.

"हा सौदा होणार नाही. आधी चौकशी होईल."

पायऱ्या उतरून नानाजीने गाडीवानाला सांगितलं, "बैल सोड."

सुकरीला बोलणं कळलं नव्हतं, पण बैल सुटताना तिने पाहिले. "काऊन सोडून राह्यले? काय झालं?" ती ओरडली. मुखरूने खाली मान घालून तिला गोंडीत सगळं सांगितलं. चार वाक्यांत झालं. आता ही आपल्या तोंडावर थुंकणार, असं त्याला वाटलं.

ती थुंकली नाही. तिने स्वतःच शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"साहेबाले सांग, मी लबाड बोलली. दक्षिणेले नानाजीच हाय. दोनी वावरं त्याचीच. घे म्हणा अंगठा. माहं पोरगं मरून राह्यलं, मुखरू."

"बाई, अंगठा नको देऊ. लाकडाचा ट्रक दुपारी नाक्यावरून चांद्याले जाते. ड्रायव्हर माह्या ओळखीचा हाय. इसरूले तिथवर मी नेतो. दवाखान्याचंही पाहतो."

"तुह्या भरवशावर?" ती म्हणाली. "तुह्या?"

ती त्याचं मनगट सोडत नव्हती. शाईचा अंगठा तिने साहेबांच्या टेबलाकडे ताणून धरला होता.

"आता काय म्हणते?" नायबांनी विचारलं.

"अंगठा देत नाई म्हणते, साहेब," मुखरू म्हणाला. त्याने मनगट सोडवलं, अंगणात उतरला आणि गाडीपाशी जाऊन इसरूला पाठुंगळी घ्यायला त्याच्यासमोर पाठ करून बसला.