टोपलीतले फोन

सकाळी नऊ वाजता न्हाव्याने दुकानात फोनबंदी केली. काल फोन वाजताच एक गिऱ्हाईक दचकलं आणि त्याचा कान वस्तऱ्यापासून थोडक्यात वाचला. "आवाज बंद करा, फोन टोपलीत ठेवा, मगच मान माझ्या हातात!" त्याने स्वतःचाही फोन टोपलीत टाकला.

दुपारपर्यंत गप्पा अशा रंगल्या की केस कापून झालेलेही बाकावरून उठेनात.

दोन वाजता न्हाव्याची बायको तणतणत आली. "सतरा वेळा फोन केला! जेवायला यायचंय की नाही?"

"हे मास्तर स्वतःच्या लग्नाला भलत्याच घरी कसे पोचले, तेवढं ऐकतो नि निघतो."

"भलत्याच घरी?" ती बाकावर टेकली.

तीन वाजता हाती आलेल्या बातमीनुसार टोपलीत बायकोचाही फोन आहे, आणि सासूबाई घरून तणतणत निघाल्या आहेत.