गोष्टींचा तास

छापखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने चार वर्षांच्या पिंगीचं पाळणाघर गुपचूप बंद केलं. सकाळी तिला घेऊन निघायचं आणि जिथे फुकट शिरता येईल तिथे दिवस काढायचा. कधी बाग, कधी संग्रहालय. "आईला सांगायचं नाही हं, ही आपली गंमत." बायकोची नोकरी धड होती, तोवर कुठेतरी चिकटू, एवढ्याच आशेवर तो होता.

आज वाचनालयात मुलांसाठी गोष्टींचा तास होता. बाई राक्षसाचा आवाज काढत होत्या, पोरं खिदळत होती. तेवढ्यात काचेपलीकडे त्याला बायको दिसली. ऑफिसच्या कपड्यांत, खांद्याला पर्स. कुणी चुगली केली असेल? पुस्तकांच्या कपाटाआड सरकत त्याने पिंगीचा हात ओढला. "चल, मागच्या दाराने जाऊ."

"आई!" पिंगीने बोंब ठोकली.

सगळ्यांच्या माना वळल्या. बायको जागच्या जागी थिजली, मग सावकाश त्यांच्याकडे यायला लागली. पाळणाघराला आज सुट्टी आहे, मीही रजा टाकली... तो घाईघाईने थाप जुळवत होता. ती समोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.



"मी रोज इथे येऊन बसते, हे तुला कुणी सांगितलं? खरंच, आज घरी सांगणारच होते रे. माझी नोकरी जाऊन महिना झाला."