हात वर

प्रियदर्शनीनं हात वर केला, आणि सारा घोळ तिथून सुरू झाला.

केला होता तो प्रश्न विचारायला. अमरावतीच्या तिच्या कॉलेजात तीच रीत. शंका आली की हात वर करायचा आणि सर "बोल" म्हणेपर्यंत तो वरच ठेवायचा. पण ही होती पातूरकडच्या तिच्या खेड्यातली, एक मेची ग्रामसभा. इथं शंका आली तर माणूस हातबित वर करत नाही. सरळ ओरडतो, नाहीतर शेजारच्याला कोपर मारून विचारतो, "काय म्हन्ते बे हा?"

सभा भरली होती नाल्याकाठच्या कडुनिंबांखाली. तसं ग्रामपंचायतीला सभागृह आहे, पण त्याच्यावर टिनपत्रे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात टिनाखाली बसायला माणूस वेडाच पाहिजे. म्हणून सतरंज्या इथं आल्या, खुर्च्या इथं आल्या, थंड पाण्याच्या कॅनही इथंच आल्या. प्रियदर्शनी सुटी टाकून आली होती ती याच निंबांसाठी. निंब तोडणार अशी गावात कुणकुण होती. यंदाच तिचं नाव मतदार यादीत लागलं होतं. कॉलेजात झाडं वाचवायच्या फेऱ्यांमध्ये ती घसा बसेपर्यंत ओरडली होती. आता आपल्याच गावचे निंब वाचत नसतील, तर ते ओरडणं घेऊन काय चाटायचं?

ग्रामसेवकानं ठराव वाचला. "सदर जागेवरील विद्यमान वृक्षांचे निष्कासन करून हरित उद्यान विकसित करणेस ही सभा मंजुरी देत आहे."

प्रियदर्शनीचं डोकंच चक्रावलं. हरित? उद्यान? हे तर झाडांच्याच बाजूचं बोलून राहिले! मग कुणकुण खोटी होती का? आणि ते मधलं निष्कासन काय? निगा राखणं? कुंपण घालणं? ती विरोधाचं भाषण पाठ करून आली होती, आणि आता तिला कळेना की विरोध करावा की टाळ्या वाजवाव्या. म्हणून तिनं हात वर केला.

"सर!" ती म्हणाली. नेमका तेव्हाच माइक कुईं करून किंचाळला. ग्रामसेवक त्याच्यावर थापा मारत काहीतरी बोलला, ते अर्धं कोणालाच ऐकू आलं नाही.

मग शेजारी बसलेल्या भागीरथा आत्याचा हात वर गेला. ही प्रियदर्शनीच्याच वस्तीतली. रोज दुपारी हिच्या बकऱ्या याच सावलीत बसतात. तिच्यामागून बायांचे हात वर गेले. मग माणसांचे. शेवटी खुर्चीवरच्या सरपंच वामनरावांनीही इकडेतिकडे पाहत हात उचलला.

प्रियदर्शनीला असा आनंद झाला म्हणून सांगू! साऱ्यांनाच शंका! गाव जागं झालं की!

"वा, एकमतानं मंजूर!" माइकमधून आवाज आला. "आता कोणी हात खाली करू नका. फोटो ॲपवर टाकावा लागतो."

मंजूर? काय मंजूर? ग्रामसेवक मोबाइल घेऊन नाल्याच्या काठावर चढला. खाली नेटवर्क नव्हतं. ॲप काही उघडत नव्हतं, आणि सारं गाव हात वर करून उन्हातल्या त्या माणसाकडे पाहत बसलं होतं.

"आत्या," प्रियदर्शनी कुजबुजली, "तुमी कायले हात वर केला?"

"तू केला म्हनून. एवढी शिकेल पोरगी तू. तुले समजलं असन."

"मले कुठं समजलं? मले तं विचाराचं होतं!"

"आता गं माय!" आत्या म्हणाली.

वामनरावांनी गर्रकन मान वळवली. "तुले बी नाही समजलं? अवं, मी तुलेच पाहून केला नं वर!"

प्रियदर्शनी ताडकन उभी राहिली आणि काठाकडे तोंड करून ओरडली, "सर, निष्कासन म्हणजे काय?"

"काढून टाकणं," ग्रामसेवक मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "हे जुने निंब काढायचे. मग लॉन, बाकडी, शोभेची झाडं. छान होईल."

सारं गाव मान वर करून निंबांकडे पाहू लागलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि फांद्या हलल्या. वामनराव नुसते गालफडं चोळत राहिले.

"उघडलं ॲप!" ग्रामसेवक खुशीत आला. "हात नीट वर. इकडं पाहा, हसा जरा!"

"हात खाली करा!" प्रियदर्शनी ओरडली. "सारे हात खाली करा!"

एकही हात हलला नाही.

"खाली करा म्हन्ते नं! झाडं तोडून राहिले आपले!"

लोक तिच्याकडे टकमक पाहत राहिले, हात तसेच. आता यांना झालं तरी काय? समजलं ना साऱ्यांना? मग काहून ऐकत नाहीत? तिला रडूच फुटायला आलं. तिकडं ग्रामसेवकानं मोबाइल आडवा धरला.

भागीरथा आत्यानं मोकळ्या हातानं तिची ओढणी ओढली.

"पोरी, तोंडानं म्हन्तं खाली, अन् तुहा हात तं कवाचा वरच हाये. आमी कोनाचं आयकाव, तुहं का तुह्या हाताचं?"