एकटा धागा

सोळा आणि चाळीस यांचा मसावि दाल्माने चार लिहिला होता. अनसेल्मो मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चारच होता.

"आठ यायला हवा, पोरी."

"माझे चारच येतात," दाल्मा म्हणाली. माघार घ्यायचा तिचा विचार दिसत नव्हता.

ओसरीच्या खांबाला मागाचं एक टोक बांधून आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेला आवळून तिची आई तोमासा विणत बसली होती. सोमवारी खालच्या शहरात माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा होती. दाल्मा पास झाली तर शाळेत जायची. नापास झाली तर तिच्यासाठी दुसरा पट्टा तयार होता. नवा कोरा, खिळ्याला टांगलेला.

निवृत्त मास्तर तीन शनिवार तिला शिकवायला येत होते. आजचा शेवटचा. एकतर या मुलीला गणित येण्यासारखं नव्हतं, नाहीतर आपल्यालाच आता शिकवता येत नव्हतं. मास्तरांना दुसरी शक्यता अधिक खरी वाटत होती.

पण एक गोष्ट त्यांना चैन पडू देईना. बेरीज, गुणाकार, भागाकार ही मुलगी बिनचूक करी. घोटाळा व्हायचा तो दोनच ठिकाणी, मालिका पुढे न्यायची असली की आणि मसावि काढायचा असला की. त्यांनी तिची चुकलेली उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि शेजारी बरोबर उत्तरं मांडली. दोन, सहा, दहा, चौदा, पुढे काय? तिचे नऊ, बरोबर अठरा. चोवीस आणि छत्तीसचा मसावि? तिचे सहा, बरोबर बारा. मग हे चार आणि आठ.

सगळीकडे बरोब्बर निम्मं.

ज्याला समजत नाही ते मूल दर वेळी नवी चूक करतं. ही पोरगी तीन शनिवार एकच चूक करत होती, तीही नेमाने. तेहतीस वर्षं मास्तरांनी चुकांवर फुल्या मारल्या होत्या. एखादी चूक कुठून येते हे बघायला ते कधी थांबले नव्हते.

एक मालिका तिने कोरीच सोडली होती. तीन, सात, अकरा, पंधरा.

"ही का सोडलीस?"

"ती मांडता येत नाही."

"का बरं?"

"एकटा धागा कुठं असतो, मास्तर?" म्हाताऱ्याला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं आईकडं पाहिलं.

मास्तरांनी कागदावरचा चोवीस-छत्तीसचा मसावि पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "चोवीस मांडून दाखव."

मालिका नि मसावि सोडवताना ती वापरायची तेच काळ्या घेवड्याचे दाणे दाल्माने मांडले. मास्तरांनी मोजले. बारा.

"हे तर बाराच."

"बाराच की. धागे चोवीस झाले ना!"

"अहो, फळीवरच्या खुंट्यांवर ताणा लावताना धागा जातो आणि परत येतो," तोमासा मान वर न करता म्हणाली. "गेला नि आला, की एक. शहरातून मागणी येते ती कागदावर, धाग्यांत. मला कुठं वाचायला वेळ? ही वाचते, निम्मं करते, मला तोंडी सांगते. सहा वर्षांची होती तेव्हापासून."

"आणि तोंडी सांगताना 'जोडी' म्हणत नाही?"

"कशाला म्हणायचं? सगळ्यांना ठाऊकच असतं."

मास्तर हातातल्या कागदाकडे बघत राहिले. लिहिलेला आकडा धाग्यांचा, बोललेला जोड्यांचा. दाल्मा प्रश्न वाचत होती मागणीच्या कागदासारखा आणि उत्तर देत होती आईला दिल्यासारखं.

"हे बघ पोरी, परीक्षेचा कागद विणायचा नसतो. तिथं एक दाणा म्हणजे एकच धागा. एकटा असला तरी चालतो."

"एकटा सुटून जाईल."

"जाऊ दे सुटून. तिथं कुणाचं कापड उसवत नाही."

दाल्मा खुदकन हसली. मग तिने तीन, सात, अकरा, पंधराचे दाणे मांडले आणि बोटाने सरकवत पुढचा आकडा काढला. एकोणीस. मास्तरांनी आणखी चौदा प्रश्न घातले. चौदाही बरोबर आले. मधेच कोंबडीने दोन दाणे पळवले, तरी तिचं उत्तर हललं नाही. शेवटचे दोन प्रश्न तर मास्तरांचं सांगून व्हायच्या आत सुटले होते.

"म्हणजे डोकं आहे म्हणायचं हिला?" तोमासाने विचारलं.

"चांगलंच आहे."

"नवलच! मला वाटलं, माझ्यावर गेली." तिने लाकडी पट्टीने धागे ठोकले. "मलाही या मसाविनंच घरी बसवलं. तुमच्याच वर्गात होते की मी. तुम्ही आमच्या आईला म्हणालात, आकडे हिच्या नशिबात नाहीत, हिला मागावर बसवा. आईला बरंच झालं. दोन हात वाढले."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या जुन्या वर्षीच्या पुराची गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती.

मास्तर जायला उठले होते. टोपी हातात तशीच धरून ते पुन्हा खाली बसले. विचारावं की नाही, हे त्यांचं ठरेना. तोमासाने आणखी दोन ओळी विणल्या.

"तोमासा, त्या परीक्षेत मी तुला कोणते आकडे घातले होते, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? चाळीस आणि साठ."

"आणि तू काय लिहिलंस?"

"दहा," तोमासा म्हणाली. "अजूनही दहाच येतात, मास्तर."