पाचोळ्यातला रातवा

त्याने पक्ष्याचा डोळा पुसायला घेतला.

रातव्याचं सगळं अंग पाचोळ्यात मिसळून जातं, पण डोळा घात करतो. कितीही मिटला तरी एक बारीक चकाकती फट उरतेच. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर ती चकाकी उतरवली, चोचीवरचा उजेड कमी केला, पंखाखालची सावली शेजारच्या पानांच्या सावलीत नेऊन सोडली. जमिनीवर अंडी उबवत बसलेला हा पक्षी मुळातच दिसता दिसत नाही. आता तर तो खुद्द फोटो काढणाऱ्यालाही नीट दिसेना.

"दुकानात येईल त्याचा चेहरा उजळून देता," बायको मागून म्हणाली, "आणि या बिचाऱ्याला काळं फासता? त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"नाहीतर पोरीला लगेच सापडतो."

"मग सापडू द्या की!"

तो पुन्हा सावल्यांकडे वळला. सापडला की फोन संपतो, हे बायकोला सांगून काय उपयोग? तिचं निराळं होतं. परदेशातल्या लेकीचा फोन आला की मायलेकी भाजीतल्या मिठापासून सुरू होत आणि कुठच्या कुठे पोचत. त्याच्या हातात फोन आला की, "जेवलीस का? तब्येत बरी? काम कसं चाललंय?" एवढ्यात गाडी थांबे. उठता-बसता तिची आठवण येई, जीव कासावीस होई, पण जिभेला जणू कुलूप.

मग त्याला जुना खेळ आठवला. ती लहान असताना तो तिला स्कूटरवरून माळावर नेई आणि दुरूनच पाचोळ्याकडे बोट करून म्हणे, "शोध." ती उकिडवी बसून, श्वास रोखून शोधत राही. बाप शेजारी. तेव्हाही दोघं फारसं बोलत नसत, आणि त्यात कुणाचं काही अडतही नसे.

आता दर रविवारी तो तिला रातव्याचा फोटो पाठवी आणि फोन चालू ठेवून ती शोधत बसे. मधूनच विचारी, "त्या फांदीखाली?" तो म्हणे, "अंहं." तिकडे केटलीत पाणी उकळे, खुर्ची करकरे, ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटे. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघे. "सापडला, बाबा!" हे ऐकलं की मात्र तो हिरमुसून जाई. हल्ली तिला पुष्कळ वेळ लागू लागला होता. त्याला आपल्या हातच्या कसबाचं मोठं कौतुक वाटे.

पुढच्या रविवारी तो माळावर गेला, तर जागा रिकामी. अंडी फुटली होती, पिल्लं पायांवर आली होती, रातवा त्यांना घेऊन कुठेतरी निघून गेला होता. त्याने सगळा माळ पालथा घातला. पक्षी काही दिसला नाही, आणि फोनची वेळ तर होत आली होती. शेवटी त्याने नुसत्याच पाचोळ्याचा फोटो काढला. घरी येऊन तितक्याच निगुतीने सावल्या गडद केल्या आणि पाठवून दिला. लेकीला त्याने आजवर कधी फसवलं नव्हतं.

फोन आला. तीन प्रश्न झाले.

"शोध," तो म्हणाला.

ती शोधू लागली. "दगडाच्या अलीकडे?"

"अंहं."

"मग त्या वाळक्या काटकीपाशी?"

"जवळ आलीस," तो म्हणाला, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. पलीकडे पाणी उकळून निवलं असावं. इतका वेळ ती कधीच थांबली नव्हती. सुख असं बोचू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. अखेर त्याला राहवेना.

"बाळा, पुरे आता. त्या फोटोत ना..."

"सांगू नका!" ती घाईने म्हणाली. तिकडे खुर्ची करकरली.

"तो नाहीये त्यात, बाबा. उघडल्या उघडल्या कळलं मला. तो असतो तेव्हाही पहिल्या नजरेतच दिसतो. तुम्हीच नाही का शिकवलंत?" तिचा आवाज अगदी हळू झाला. "फोन ठेवू नका ना. मी शोधतेय अजून."