पडद्यामागचे दोन तास

"आई, हूं नाही की चूं नाही. दोन तास," मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

"कळलं रे. म्हातारी झालेय, बहिरी नाही झाले," आजी म्हणाली.

"तुझा खोकला म्हणजे कारखान्याचा भोंगा आहे."

"त्याच भोंग्याच्या जिवावर तुला वाढवलाय."

तो हसला नाही. पडदा ओढून तो पलीकडे गेला आणि आजीच्या प्लास्टरमधल्या पायाचं टोक दिसतंय का, ते वाकून वाकून पाहत राहिला.

पडदा कालच लावला होता, जाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मागे खाट, खाटेवर आजी. पुढे टेबल, लॅपटॉप आणि नात.

परदेशातल्या शाळेचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. जागा राखून ठेवली आहे, पण इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण हवेत, तेही महिनाअखेरच्या आत. मागच्या खेपेला केंद्रावर जाऊन परीक्षा दिली, तेव्हा बोलण्याच्या भागात अर्ध्या गुणानं हुकलं होतं. एरवी पोरगी पाण्यासारखं इंग्रजी बोलायची. नेमकी तेव्हाच तिची दातखीळ का बसली, कुणालाच कळलं नाही. बाप आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता.

म्हणून या वेळी घरूनच परीक्षा. पण नियम कडक. खोलीत दुसरं माणूस नको. दुसऱ्या कुणाचा आवाज जरी आला, तरी परीक्षा तिथल्या तिथे रद्द. आणि ही संधी शेवटची.

बाहेरची खोली म्हणजे मुलाचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान, ऐन रस्त्यावर. तिथे परीक्षा शक्यच नव्हती. आजीला चौघांनी उचलून शेजारी न्यायचं ठरलं होतं, पण नात आडवी आली. "मांडीपर्यंत प्लास्टर आहे. हललं तर? आजी इथेच राहील."

केवढी माया, आजीला वाटलं होतं.

आईविना पोर. आजीनंच वाढवलेली. आजीची तीस वर्षं मागांच्या कारखान्यात गेली. त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. आजीनं ती बोली नातीला लहानपणीच शिकवली. बाप समोर जेवत बसलेला असताना दोघी ओठांनीच त्याची उणीदुणी काढायच्या आणि तो विचारायचा, "काय गं, कसलं हसू येतंय?"

कारखान्यानं आणखी एक गोष्ट दिली होती. छातीत बसलेला कापूस.

"खोकला आला तर दाबू नकोस हं, आजी," सकाळी नात म्हणाली होती. "छातीला त्रास होईल."

"माझ्या छातीचं राहू दे. तू तुझं बघ."

मुलगा बाहेर गेला. दुकान बंद ठेवून तो दाराशीच कान लावून बसला. लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज आला. नातीनं लॅपटॉप उचलून चारी बाजूंना फिरवला. पडद्यावरून उजेडाचा चौकोन सरकत गेला, तसे आजीनं डोळे घट्ट मिटले. जणू आपण डोळे मिटले की आपण कुणाला दिसणार नाही.

बाईनं काहीतरी विचारलं. बाईनं तेच पुन्हा विचारलं.

"नो," नात शेवटी म्हणाली.

एवढं इंग्रजी आजीलाही कळत होतं.

पहिला तास बरा गेला. मग घशात तूस फिरल्यासारखं झालं. पंखा आज नातीनं पूर्ण जोरात ठेवला होता. पोरीला उकडत असेल. आजीनं पांघरुणाचा बोळा तोंडात धरला. एकदा याच मुलाला, तान्हा असताना, तिनं सुताच्या टोपलीत लपवून कामावर नेलं होतं. मुकादम बाजूनं गेला, तेव्हा बाळाच्या तोंडावर हात दाबून ती अशीच थिजली होती. त्या दिवशी नोकरी वाचली होती.

पेन्सिल पडल्याचा आवाज झाला. नात टेबलाखाली वाकली, पडद्याची कड किंचित उचलली गेली. तिचे ओठ हलले. "येतोय?"

आजीनं मान हलवली. नाही. वर डोळाही मिचकावला.

पोरीचा चेहरा उतरला. बिचारी, आजीनं मनात म्हटलं, परीक्षेतसुद्धा माझाच घोर.

मग बोलण्याचा भाग आला. दाराशी बाप होता. नात बोलू लागली आणि थांबलीच नाही. एक अक्षर समजत नसूनही आजीला कळत होतं, हे उत्तम चाललंय.

आणि तेव्हाच खोकला उसळला. बरगड्यांच्या खालून, सगळी छाती ढवळत. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आजीनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. आता निघाला, तर पोरीचं आयुष्य गेलं. माझ्या एका खोकल्यापायी. नात गेल्यावर आपल्याला रात्री पाणी कोण देणार, हा विचार मध्येच डोकावला. तोही तिनं खोकल्याबरोबर गिळला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. जीव गेला तरी चालेल, पण आवाज नको.

हळूहळू छाती निवली. आजी घामानं भिजली होती, पण जिंकली होती.

पेन्सिल पुन्हा पडली. पडद्याची कड वर झाली आणि नातीचा चेहरा दिसला, रडून लाल झालेला. झालं वाटतं सगळं! आजी थकल्या तोंडानं हसली आणि तिनं हात पुढे केला.

नातीनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे ओठ हलले, अगदी सावकाश, एकही शब्द निसटू नये असे.

"आजी, खोक ना गं. दोनच मिनिटं राहिलीत."